सोंग उतरवायला कोण?

खराडीच्या पुढं, पुणे
९ मार्च

अण्णा,

आणि नारळांवरून मी देवाचा अपमान केला, असं तुम्ही पारावर चार माणसांत सांगितलंत म्हणे. भाग्यश्री म्हणाली म्हणून लिहितो. मी एवढंच म्हणालो होतो की नरसिंह जयंतीच्या सोंगात वैशाखाच्या उन्हात सिंहाचं डोकं घालून दिवसभर नाचायचं आणि घरी आणायचे ते नारळ, हे माझ्याच्यानं होणार नाही. यात देव कुठं आला? मी तुम्हाला बोललो. तुम्ही ते उचललं आणि देवावर नेऊन ठेवलं. तिथं ठेवलं की मग मला बोलायला जागाच नाही.

फोन उचलत नाही तर नका उचलू. शिमग्यालाही केला होता. भाग्यश्री उचलते, मागं तुम्ही खोकलता ते ऐकू येतं, आणि ती म्हणते, दादा, अण्णा रागात आहेत. रागात माणूस एवढा खोकलतो होय? असो. सातवीपर्यंत शिकवलंत त्याचा उपयोग करतो. कचरूची ट्रॅव्हल्स बायपासला थांबते, तो पार्सलांसोबत पत्र आणील आणि आपल्या फाट्यावर देईल. उत्तर द्यायचं असलं तर त्याच्याच हाती द्या.

गोडाऊनचं काम सोडलं. आता एका पौराणिक मालिकेच्या सेटवर आहे. गेनबा म्हणून इथले जुने शेतकरी आहेत, त्यांच्या रानात पत्र्याची मोठी शेड आहे. मागं कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि आत प्लायवुडचा राजवाडा. मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवावा लागतो, आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. मी राक्षसाच्या सैन्यात आहे. भाला घेऊन उभं राहायचं, सांगतील तेव्हा मरायचं. रोज चांगला आहे. काळजीचं काही नाही.

आईला सांगा, जेवण चांगलं मिळतं. भाग्यश्रीच्या फोनवर आठ हजार टाकले आहेत.

योगेश


पाडव्याचा दुसरा दिवस

योग्या,

पत्र कचरूनं दोन दिवस सीटखाली ठेवून मग दिलं. पैसे पोचले.

सरपंचानं पारावर मोठा टीव्ही लावलाय. साडेसातला अख्खं गाव येऊन बसतं. परवा खांब फुटला आणि नरसिंह बाहेर आला. बायांनी हात जोडले, तुझ्या आईनं कपाळ जमिनीला टेकवलं. मी पायाकडं बघत होतो.

डावा पाय टाकायचा, जरासा ओढायचा, मग खांदा वर. हे चालणं पुण्यात कोणाला येतं रे? माझ्या बापाच्या पायावर बैलानं पाय दिला होता, तो तसा चालायचा. मी लहानपणी ते देवाचंच चालणं समजून शिकलो. तू माझं बघून शिकलास. भाला घेऊन उभा राहतो म्हणे. लेका, गाव फसलं, मी कसा फसेन?

मुखवटा काहून घातलास ते विचारत नाही. इथं घालायला लाज वाटली आणि तिथं नाही, तेही विचारत नाही. एकच विचारतो. तिथं तुझं सोंग उतरवायला कोण आहे?

नागोराव


२७ मार्च

अण्णा,

तुम्ही ओळखलंत. मग खरं लिहितो.

विष्णूचं काम करणारा विश्वजीत म्हणून मोठा नट आहे. सिंहाच्या तोंडाचा डिंक त्याला चालत नाही, अंगावर पुरळ उठतं. माणसाच्या तोंडाचा देव तो करतो, सिंहाच्या तोंडाचा मी. टीव्हीवर नाव त्याचंच येतं. मला चार दिवसांचं काम म्हणून घेतलं होतं.

रोज सकाळी मेकअपवाले काका तोंड चिकटवतात. नारायण पेठेतले आहेत. पहिल्या दिवशी मी जरा खांदे हलवून बघितले तर म्हणाले, "अहो देव, डिंक वाळू दे. अवतार नंतर घ्या." गंमत वाटली होती तेव्हा.

सोंग उतरवायला कोण, विचारता. कोणी नाही. संध्याकाळी कोणीतरी 'पॅकअप' ओरडतं, काका तेल लावून तोंड सोलून काढतात आणि मी चहा प्यायला जातो. झालं.

पण अण्णा, आपल्याकडं दुपारी खांब फाटतो आणि दिवेलागणीला देव शांत होतो. इथं खांब फुटून किती दिवस झाले, मी अजून रागातच आहे. लोकांना राग आवडला. चॅनेलच्या प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या, म्हणाल्या, "शांत झाला की लोक दुसरीकडं जातात. राग लांबवा." मग एक दिवस नुसते डोळे घेतात. एक दिवस नखं. एक दिवस नुसतं उंबऱ्यापर्यंत चालणं, तेच दहा बाजूंनी. रोज रागाला चढायचं आणि अर्ध्यात थांबायचं. खाली उतरायची पायरी त्यांनी लिहिलेलीच नाही.

रोज गेटवर बाया येतात. मंगळवारी एकीनं तान्हं लेकरू माझ्या पायाशी ठेवलं, डोक्यावर हात ठेवा म्हणाली. मी वाकलो. माझी बोटं आत वळली, अण्णा. मी वळवली नव्हती. रबराची नखं त्या लेकराच्या टाळूवर आणि बोटं वळलेली. मी हात मागं घेऊन शेडमध्ये पळालो. ती बाई बाहेर म्हणत होती, "देव लय कडक आहे गं."

तेव्हापासून मला भीती वाटते. कोणाला सांगू? इथं सांगितलं तर हसतील, नाहीतर त्याचाही एक एपिसोड करतील.

योगेश


हनुमान जयंती

योग्या,

भीती वाटते ते बरं आहे. मला तीस वर्षं वाटली. मुखवटा उचलताना दरवर्षी वाटली.

तू लहानपणी पुढं पळायचास, शेवट नीट बघितला नाहीस. खांब फाडून झाला की मला देवळासमोर बसवतात. दोघं जण शेल्यानं धरून असतात. मग तुझी आई गुळाचं पाणी घेऊन येते आणि मला नावानं हाक मारते. "नागोराव!" सगळ्या गावासमोर. वर्षभर 'अहो' म्हणणारी बाई. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर तिचा आवाजच फुटेना, आणि मी तसाच बसून. बायका तिला ढोसत होत्या, अगं घे नाव, नाहीतर तुझा नवरा सिंहच राहील. तिनं डोळे मिटून नाव घेतलं. मी ओ दिली. ओ दिल्यावरच मुखवटा निघतो, त्याआधी नाही. मुखवटा ओढून काढला आणि आतल्या माणसानं ओ दिली नाही, तर कोण उतरलं आणि कोण राहिलं, हे कसं कळायचं?

तुझा मुखवटा ओ घेतल्याशिवाय काढतात. रोज. म्हणून बोटं वळतात.

जो तुझ्यासोबत ताटाला ताट लावून बसतो, त्याला सांग. त्यानं देवा म्हणायचं नाही, हिरो म्हणायचं नाही, नाव घ्यायचं. आणि तू मोठ्यानं ओ द्यायची. एवढंच आहे. याला पंचांग लागत नाही.

आई म्हणते, तेलानं तोंड भाजत असेल तर खोबऱ्याचं लाव.

नागोराव


११ एप्रिल

अण्णा,

नाव घेणारा कोणी नाही. कामाच्या कागदावर माझं नाव 'नरसिंह, डुप्लिकेट' असं आहे. चहापाणी देणारे स्पॉटवाले 'ओ देवा' म्हणतात, मॅडम 'लायन' म्हणतात. ताटाला ताट लावून बसायचा तो एकच माणूस होता, रणजित. सांगलीकडचा आहे, हिरण्यकश्यपू करतो. दांडगा गडी, घरचे डिंकाचे लाडू आणायचा आणि मला म्हणायचा, खा, मला फाडायला ताकद पाहिजे. आता तो दुसऱ्या टेबलावर बसतो. का ते लिहितो, तुम्ही आईला वाचून दाखवू नका.

गुरुवारी मांडीवरचा प्रसंग होता. रणजित आडवा, त्याचं चिलखत उघडं, आत लाल कापडाची आतडी भरलेली. मी नखं लावायची आणि कापड ओढायचं. आधी तीनदा झालं, नीट झालं. चौथ्यांदा मागं स्पीकरवर गर्जना लावली. नंतरचं मला अर्धं आठवतं. रणजित ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काय ओरडला म्हणून. 'कट' ऐकू आलं. माझे हात सुटेनात. दोघांनी येऊन एकेक बोट उलगडलं. रबराच्या नखांनी, अण्णा, रबराच्या, त्याच्या बरगडीवर चार वळ उठले. तो हसला, "काय देवा, वैर आहे का काही?" पण हसताना मागं सरकत होता.

तीच ओरड आता जाहिरातीत दाखवतात. मॅडम खूश आहेत.

नरसिंह जयंतीला मोठा भाग आहे. त्यात देव एकदाचा शांत होणार. कसा? प्रल्हाद येऊन मांडीवर बसणार. त्याच मांडीवर. प्रल्हादाचं काम गेनबांची नात करते, संस्कृती. सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत. मी गेनबांना म्हणालो, बाबा, दुसरं कोणी बघा ना माझ्या जागी. तर ते खुर्चीतून म्हणाले, "का रं? माझी नात देवाच्या मांडीवर बसनार हाय. आनि काय पायजे आमाला?" पुढं काय बोलू? माझ्या हातांचा मलाच भरवसा वाटत नाही, असं त्या म्हाताऱ्याला कसं सांगू?

मॅडमना म्हणालो, काम सोडतो. त्या म्हणाल्या, चेहरा तुझ्या मापाचा केलाय, दुसऱ्याला बसणार नाही, झालेल्या कामाचे पैसे अडकतील.

एक मागतो. पंधरा तारखेला दुपारच्या सुट्टीत गेटवरच्या माणसाकडून फोन मागून घेतो. तुम्ही फक्त 'योग्या' म्हणा. मी ओ देतो. मग हवं तर वर्षभर बोलू नका. सोंग तुमच्याकडून आलंय, तुम्हीच उतरवा.

योगेश


१५ एप्रिल

अण्णा,

भाग्यश्रीनं फोन तुमच्या कानाला लावला होता. मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मी तीनदा म्हणालो, अण्णा, म्हणा. गेटवरचा माणूस माझ्याकडं बघत होता, हा सिंहाचं तोंड घालून कोणापुढं रडतोय म्हणून. माझं तोंड चिकटवलेलं होतं, डोळ्यांतलं पाणी आतल्या आत डिंकात गेलं.

तुम्ही एक नाव घेतलं नाहीत. पोराचं. नारळांसाठी एवढा राग!

ठीक आहे. चोवीस तारखेला ती पोरगी माझ्या मांडीवर बसणार आहे. जे होईल ते तुम्ही आणि देव बघून घ्या.

योगेश


अक्षय तृतीया

योग्या,

मी म्हणालो होतो. दोनदा म्हणालो. आवाज निघाला नाही.

शिमग्याच्या आधीपासून घसा बसला. पहिल्यांदा वाटलं धूळ. मग नुसती फूफू. आता तेही नाही. पाटीवर लिहून तुझ्या आईशी बोलतो आणि ती चिडते, कारण तिला चष्मा सापडत नाही. नांदेडच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं. घशात गाठ आहे. साधी का कशी, ते काढून तपासल्यावर कळेल. जयंती झाल्यावर जायचं आहे. तुला कळवायचं नाही, अण्णा रागात आहेत म्हणून सांग, असं मीच भाग्यश्रीला बजावलं होतं. नारळांचा राग होता, पण तो दिवाळीलाच संपला. मला वाटलं, पोरगं तिकडं एकटं आहे, कशाला घाबरवायचं. आता बघतो तर तू माझ्याहून जास्त घाबरलेला.

आता माझं ऐक. तू घाबरलास म्हणून मीही लिहितो. यंदा सोंग मीच घेणार असं पारावर कबूल करून बसलोय. मुखवटा उचलेन, चालेन, खांब फाडेन, त्याला आवाज लागत नाही. गर्जना ढोलावर भागवतील. पण मग तुझी आई गुळाचं पाणी घेऊन येईल, सगळ्या गावासमोर माझं नाव घेईल, आणि मी ओ देऊ शकणार नाही. तिनं पुन्हा नाव घ्यायचं आणि मी आत मुका. ते मला रोज दिसतं. झोपेतून उठतो.

तुझ्यासाठी मला एवढंच सुचतं. ज्याला तुझ्या हातानं लागलं, त्याच्याकडं जा. दुसऱ्या कोणापेक्षा त्याला तुझी भीती खरी वाटेल. ताट घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नको.

नागोराव


२५ एप्रिल

अण्णा,

तुमचं पत्र कचरूनं बायपासला दिलं. तिथंच उभ्यानं वाचलं. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. गाठ हा शब्द परत परत वाचला. मी काय काय लिहून बसलो होतो! त्यावर आता नाही लिहीत, समोर आल्यावर बोलू. म्हणजे मी बोलेन, तुम्ही पाटीवर लिहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट घेऊन रणजितच्या टेबलावर गेलो. तो उठायला लागला. मी म्हणालो, "माझं नाव योगेश आहे."

"बरं. मग?"

"शूटिंगमध्ये माझे हात वळायला लागले की मला नावानं हाक मारा. मी ओ दिली की हात सुटतात. आमच्याकडं तसं आहे."

मला वाटलं आता हसणार. "अरे, पण त्या वेळी मी मेलेला असतो," तो म्हणाला. "पोरगी येते तेव्हा मी तुझ्या पायाशी प्रेत होऊन पडलेला असतो. प्रेतानं हाक मारायची?"

"हो."

"मॅडम मला कायमचा मारतील." त्यानं माझ्या ताटातली भाजी उचलून खाल्ली. "योगेश काय? आडनाव नको?"

"नको. आई हाक मारताना आडनाव लावत नाही."

काल तो प्रसंग झाला. मी सिंहासनावर, पायाशी रणजित मरून पडलेला, अंगावर लाल रंग. संस्कृती धोतर नेसून, कपाळाला गंध लावून समोर उभी. गेनबा कॅमेऱ्यामागं खुर्चीत, स्वच्छ फेटा बांधून आलेले. मागं गर्जना लावली. आणि बोटं वळली. मी दात आवळून धरले, मुठी मांडीवर दाबल्या, तरी वळत होती. पोरगी अर्ध्यात थांबली. तिनं माझे हात बघितले. लेकरांना कळतं. मॅडम मागून, "पुढं जा बेटा, जा, बस." गेनबाही, "जा गं, देव हाय त्यो." ती एक पाऊल आली. मला ओरडून सांगायचं होतं, येऊ नको, पण सिंहाच्या तोंडातून नुसतं गुरगुरणं बाहेर आलं.

"योगेश!"

पायाशी पडलेल्या प्रेतानं हाक मारली. मोठ्यानं. लोखंडी पत्रा दणाणला.

"ओ!" मी म्हणालो.

अण्णा, माझाच आवाज होता. कितीतरी दिवसांनी ऐकला. हात असे सुटले जसे पिळलेले दोर सुटतात. मग संस्कृती खुदकन हसली, दातांच्या फटीतून. "देवाचं नाव योगेश आहे?" तिनं विचारलं आणि विचारता विचारता चढून मांडीवर बसली, सिंहाची आयाळ ओढून बघायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सपाट. पाचही बोटं सरळ. काका कोपऱ्यातून म्हणाले, "आज डिंक आपोआप निघेल."

मॅडम खूप बोलल्या. मेलेला माणूस बोलला म्हणून पुन्हा सगळं करावं लागलं, तीन वेळा. तिन्ही वेळा रणजितनं ओठ न हलवता हळूच नाव घेतलं आणि मी हळूच ओ दिली. तेवढं यंत्रानं पुसून टाकतील, लोकांना ऐकू येणार नाही. माझा एक दिवसाचा रोज कापला. जाताना मॅडमनीच सांगितलं, पुढच्या महिन्यात नरसिंहाचा राग परत दाखवायचा आहे, दुप्पट देऊ. मी म्हणालो, मला गावाला जायचंय, माझं सोंग आहे. त्या म्हणाल्या, कसलं? मी म्हणालो, हेच, पण एका दिवसाचं.

भीती गेली असं नाही. आता ती तुमच्या घशाची आहे, आणि ती इथं बसून उतरणार नाही. राहिलेलं काम संपवून जयंतीच्या आदल्या दिवशी कचरूच्या गाडीनं येतो. मुखवटा मी उचलतो. तुम्ही शेला धरा, घट्ट धरा. आईला सांगा, यंदा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पोराचं घ्यायचं. ते तिला जड जाणार नाही. मी ओ अशी देईन की तुमच्याही वाटची होईल. जयंती झाली की दुसऱ्याच दिवशी नांदेडला जायचं, मी सोबत आहे.

भाग्यश्रीच्या फोनवर पैसे टाकलेत. डॉक्टरला आधी भरायचे ते त्यातून भरा. वरचे एकशे एक माझे नाहीत, रणजितनं दिलेत, देवळासमोरच्या गुळाच्या पाण्यासाठी. सगळे मिळून अठरा हजार एकशे एक रुपये.

योगेश